पायथनसाठी कोणती वही?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाडच्या मधे आमचं खांब गाव. इथल्या मुलांच्या तोंडीही आता पायथन ही संगणकाची भाषा आली आहे. आईबाप मला विचारतात, ‘‘चाचा, त्यासाठी महागाचा लॅपटॉप घ्यावा लागतो का हो?’’ मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण मुलांच्या शेजारी बसून जे उमगलं, त्यावरून सांगतो, सुरुवातीला नाही लागत.

एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही. पत्रं लिहायचं वर्ड इथे कामाचं नाही. ते सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतं आणि पायथन अडून बसतं. शिवाय पायथनमध्ये ओळीआधी सोडलेली जागा हासुद्धा व्याकरणाचाच भाग. चार मोकळ्या जागा सोडायचा रिवाज आहे. तो आपोआप सांभाळणारी वही हवी.

विंडोजवर पायथन बसवलं की ‘आयडल’ नावाचा एडिटर सोबत फुकटच येतो. ‘थॉनी’ हा एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी तयार झाला. तोही मोफत, आणि पायथन त्याच्या पोटातच असतं. एकेक पायरी चालवून कोणत्या नावात कोणती किंमत बसली, हे तो शेजारी दाखवतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला ‘व्हीएस कोड’ मोफत आणि ताकदीचा. पण त्यात पायथन वेगळं बसवा, जोडण्या लावा, असा व्याप असतो. शिवाय तो पुढचे शब्द सुचवत राहतो. दुसऱ्याने सुचवलेल्या यमकांवर कवी घडत नाही, तसंच हे. हात बसला की मग तो जरूर घ्यावा.

थॉनीत एक गंमत करून पाहा. ‘खांब’ या शब्दाची लांबी विचारा. आपण म्हणू, अक्षरं दोन. छंदाच्या हिशेबाने मात्रा तीन. पायथन सांगतं, चार! ख, काना, अनुस्वार आणि ब असे ते सुटे मोजतं. ‘असं का?’ हा प्रश्न मुलाला पडला की शिकणं सुरू झालं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे मोफत धडे मराठीतूनही मिळतात. घरात फक्त मोबाइल असेल, तर सरावापुरतं ‘पायड्रॉइड’ चालतं. तेव्हा नवा लॅपटॉप नाही म्हणून मुलीचं शिकणं पुढच्या वर्षावर ढकलू नका. शाळेतला जुना संगणक, साधी वही आणि रोजचा अर्धा तास, एवढ्यावर पहिला प्रोग्राम लिहून होतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)