अँटेना ताकद देत नाही, दिशा देते

वाय-फायचा राउटर घ्यायला गेले की दुकानदार लांब दांड्यांचे मॉडेल पुढे करतो आणि यातली अँटेना ‘पॉवरफुल’ आहे म्हणून सांगतो. मुळात अँटेनाला स्वतःची ताकद नसतेच. ट्रान्समीटरकडून आलेल्या ऊर्जेत ती तसूभरही भर घालत नाही. उलट त्यातली थोडी तारेत उष्णता होऊन जिरते. तिच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे ही ऊर्जा कोणत्या दिशेला किती सोडायची. एकीकडे जास्त दिली की दुसरीकडची कमी होणारच. त्यामुळे अँटेनांची तुलना करताना ‘कोणती जोरदार’ असे विचारून हाती काही लागत नाही. ती कुठे बघते आणि कुठे पाठ फिरवते, हे विचारले पाहिजे.

हाइनरिश हर्ट्‌झ याने १८८७ च्या सुमारास कार्ल्सरूह इथे रेडिओलहरी निर्माण केल्या, त्या एका रेषेत ठेवलेल्या दोन सरळ दांड्यांमधून. आजही सगळ्या अँटेनांचे मूळ रूप हेच, त्याला डायपोल म्हणतात. दांडीत इलेक्ट्रॉन मागेपुढे झुलतात, त्यांचा वेग सतत बदलतो, आणि वेग बदलणारा विद्युतभार लहरी सोडतो. दांडीच्या काटकोनात या लहरी सर्वांत जोरात जातात आणि तिच्या टोकांच्या दिशेने अजिबात जात नाहीत. हा आकार कागदावर मांडला तर मेदूवडा दिसतो आणि दांडी त्याच्या भोकातून आरपार गेलेली असते. सर्व दिशांना अगदी सारखे सोडणारी अँटेना फक्त गणितात असते. ‘गेन’, म्हणजे एखाद्या दिशेला किती पट जास्त जाते, तो मोजतात या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा गेन २.१५ डेसिबेल, म्हणजे सर्वांत चांगल्या दिशेला १.६४ पट. यावर कोणी म्हणेल, मग राउटरच्या खोक्यावर छापलेला गेन खोटा का? खोटा नाही, पण तो वाटपाचा आकडा आहे, मिळकतीचा नव्हे.

एकेकाळी घराघरांवर दिसणारी दूरदर्शनची अँटेना ही जपानमधल्या सेंदाई इथल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांची रचना, १९२६ मधली. तिच्यातली खुबी जवळून पाहण्यासारखी आहे. वायर फक्त एका दांडीला जोडलेली असते, बाकीच्या दांड्या कशालाच जोडलेल्या नसतात. मागची दांडी किंचित लांब, पुढच्या किंचित आखूड. जोडलेल्या दांडीच्या लहरींनी या मोकळ्या दांड्यांत प्रवाह सुरू होतो आणि त्याही लहरी सोडू लागतात. लांबीतल्या फरकामुळे या सगळ्या लहरी पुढच्या बाजूला एकमेकींत मिळतात आणि मागच्या बाजूला एकमेकींना मारतात. घेण्याचा नियमही तोच आहे. जी अँटेना जिकडे जास्त सोडते, तिकडूनच ती जास्त घेते. म्हणून तर पुण्यातल्या गच्च्यांवरच्या अँटेना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या असत.

तबकडी, म्हणजे डिश, हेच काम आरशासारखे परावर्तन करून साधते. पण झोत किती बारीक होणार हे नुसत्या आकारावर ठरत नाही. तबकडीत किती तरंगलांब्या मावतात यावर ठरते. नारायणगावजवळ खोडद इथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढ्या मोठ्या तबकडीचा झोत १५० मेगाहर्ट्‌झला सुमारे ३ अंश रुंद असतो. गॅलरीत लावलेल्या ६० सेंटिमीटरच्या डीटीएच छत्रीचाही जवळपास तेवढाच! खोडदला त्या वेळी लहर २ मीटरची असते आणि छत्रीवर येणारी अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. दोन्हीकडे व्यासात बावीस-तेवीस लहरी मावतात. खोडदची तबकडी २१ सेंटिमीटरच्या लहरीवर लावली की तोच झोत अर्ध्या अंशाच्याही आत येतो. लहर मोठी असल्यामुळेच तिथे भरीव पत्र्याची गरज पडली नाही. एक-दोन सेंटिमीटर भोकांची तारेची जाळी पुरली, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मला हा आपल्याकडच्या अभियांत्रिकीतला फार मोठा विचार वाटतो.

लहरीच्या मानाने अँटेनाचा आकार इतका महत्त्वाचा, तर आक्षेप असा येऊ शकतो की ट्रान्झिस्टरमध्ये बोटाएवढी फेराइटची कांडी असते आणि पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्‌झची लहर जवळजवळ ३७९ मीटर लांब. तरी कार्यक्रम ऐकू येतोच. येतो, कारण मध्यमलहरींवर वातावरणातली खरखरच इतकी असते की अशी कांडी सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच कमी घेते आणि त्यांचे प्रमाण बिघडत नाही. प्रक्षेपणाला ही सवलत नाही, म्हणून तिथे उंच मनोरा लागतो. मोबाइलमधल्या इवल्याशा अँटेनाला दिशा जवळपास नसते, आणि नसलेलीच बरी; टॉवर कुठे आहे आणि फोन खिशात कसा पडला आहे, हे तिला ठाऊक नसते.

मोबाइल टॉवरबद्दलची भीतीही याच दृष्टीने तपासावी. त्यावरच्या उभ्या पट्टीसारख्या अँटेनाचा झोत आडवा साधारण ६५ अंश पसरतो, पण वरखाली जेमतेम सहा-सात अंश, तोही किंचित खाली झुकवलेला. म्हणजे ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्यातल्यांपेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या इमारतीतल्यांकडे जास्त ऊर्जा जाते. मोजणी मागायची असेल तर ती तिथली मागावी.

राउटरचेही तसेच. जास्त गेनची उभी दांडी त्याच मजल्यावर लांब पोचते, पण वरच्या आणि खालच्या मजल्याचे त्यातून कमी होते. घर दुमजली असेल तर आणखी लांब दांड्या विकत घेण्याआधी आहे त्यातली एक उभी आणि एक आडवी करून पाहा.