सॅटेलाइट रेडिओच्या दोन कंपन्या एक झाल्या, तर श्रोत्याचं काय?

जळगाव किंवा धुळ्यात आकाशवाणी आणि एफएम फुकट ऐकता येतं. पण गाडी शहरापासून लांब गेली की खरखर सुरू. सॅटेलाइट रेडिओचा सिग्नल थेट उपग्रहावरून येतो, म्हणून गाव बदललं तरी चॅनल तोच. मात्र त्यासाठी खास रिसीव्हर आणि सबस्क्रिप्शन लागतं.

अमेरिकेत अशा दोनच कंपन्या होत्या: एक्सएम आणि सिरियस. २००७मध्ये त्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. पर्यायच उरला नाही तर दर कोण रोखणार, ही भीती होती. म्हणून तिथल्या नियामकाने २००८मध्ये परवानगी देताना तीन वर्षं दर न वाढवण्याची अट घातली. मुदत संपली आणि २०१२मध्ये महिन्याचे १२.९५ डॉलर १४.४९ झाले.

भारतात तर एकटी वर्ल्डस्पेस होती. मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली, ३१ डिसेंबर २००९ला इथली सेवा बंद पडली आणि विकत घेतलेले रिसीव्हर निरुपयोगी झाले.

आज ॲपचंही गणित तेच आहे. वर्षभराचे पैसे भरण्याआधी बघा: ही कंपनी विकली गेली किंवा बंद झाली, तर तुमच्याकडे दुसरं काय आहे?