साखळी-करवतीचे दात

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या वाड्यावर येणाऱ्या एकुलत्या एका वाटेवर एक जुना फणस उन्मळून आडवा पडला. वीज गेलेली, पाऊस कोसळत असलेला, आणि वाटेच्या पलीकडील घरात एक वृद्ध आजारी बाई. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेणे भाग होते. आमच्या वाड्यावर सुतारकाम करणारे मेस्तकाका आपली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत घेऊन आले. दोन-तीन फांद्या कापून होतात न होतात तोच करवत खोडात रुतलेल्या एका जुन्या खिळ्यावर घासली आणि साखळीचे दात बोथटले.

त्या दिवसांत दुकाने उघडी नव्हती. मी धावत जाऊन एका परिचितांकडून त्यांच्या मोठ्या यंत्राची कोरी साखळी मागून आणली. मेस्तकाकांनी ती हातात घेतली, बोटाने चाचपली आणि मला परत दिली.

“मास्तर, ही साखळी या यंत्राची नव्हे,” ते आपल्या कोंकणीत म्हणाले.

“मेस्तकाका, दोन्ही सारख्याच तर दिसतात!”

“दिसतात खऱ्या. पण एकदा मोजून पाहा.”

मी वाङ्मयाचा पदवीधर. यंत्रांशी माझा परिचय तो केवढा! परंतु त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शाळेच्या कंपासपेटीतील पट्टीने मी जे मोजले, त्यामुळे माझ्या मनातील एक मोठा गैरसमज दूर झाला. तोच विषय विद्यार्थिमित्रांपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही साखळी म्हणजे काय ते पाहू. सायकलच्या साखळीप्रमाणेच हिच्याही कड्या रिव्हेटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. मात्र येथे कड्यांचे तीन प्रकार आहेत. काही कड्यांवर कापणारा दात असतो. काही नुसत्या जोडपट्ट्या असतात. आणि काही कड्यांना खालच्या बाजूस एक टोक असते. हे टोक करवतीच्या लांब पट्टीच्या खाचेत बसते व यंत्राच्या दंतचक्रात अडकून साखळीला ओढ देते. हिला आपण चालक कडी म्हणू. प्रत्येक कापणाऱ्या दातापुढे एक लहानसा उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल शिरावे हे तो ठरवतो.

या दाताच्या घडणीमागील कथा मनोरंजक आहे. आरंभीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे लाकूड खरवडत असत. त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक भुंग्याची अळी लाकडाच्या ओंडक्यात भोके पाडताना पाहिली. तंतूंच्या दिशेने असो वा आडवे, ती सारख्याच सहजतेने लाकूड पोखरत होती. तिचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे असून ती ते डावी-उजवीकडे चालवत होती. या निरीक्षणावरून कॉक्सने वाकड्या दातांची, आळीपाळीने डावीकडून व उजवीकडून कापणारी साखळी बनवली आणि १९४७ पासून तिचे उत्पादन सुरू केले. आजच्या बहुतेक साखळ्या याच तत्त्वावर घडवलेल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. दोन साखळ्यांची लांबी सारखी असली तरी त्यांच्या कड्या लहान-मोठ्या असू शकतात. कड्यांच्या या मापाला पिच असे म्हणतात. ते मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. लागोपाठची कोणतीही तीन रिव्हेटे घ्यावी, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला दोनने भागावे. दोनच रिव्हेटांमधील अंतर का घेत नाहीत? कारण चालक कडीवरील दोन रिव्हेटांचे अंतर आणि दातांच्या कडीवरील दोन रिव्हेटांचे अंतर नेहमी समान नसते. म्हणून सरासरी घ्यावी लागते.

मेस्तकाकांच्या साखळीचे अंतर १६.५ मिलिमीटर भरले. त्याच्या निम्मे ८.२५ मिलिमीटर, म्हणजे ०.३२५ इंच. मी आणलेल्या साखळीचे अंतर १८.६ मिलिमीटर, त्याच्या निम्मे ९.३, जिला बाजारात ३/८ इंचाची साखळी म्हणतात. फरक अवघा एका मिलिमीटरचा! परंतु यंत्राच्या चक्राचे दात ८.२५ च्या मापाने कोरलेले होते. त्यावर ९.३ ची साखळी चढवली असती, तर तिच्या चालक कड्या खाचांत नीट न बसता दातांवर स्वार झाल्या असत्या. चक्र व साखळी दोन्ही झिजली असती, आणि भरधाव फिरणारी साखळी उसळून बाहेर पडण्याचा धोका वेगळाच. म्हणून पहिला नियम हा की साखळीचे पिच, यंत्राच्या चक्राचे पिच आणि पट्टीच्या टोकाशी लहान चक्र असेल तर त्याचेही पिच, ही तिन्ही एकच असली पाहिजेत.

मग इतकी निरनिराळी मापे निघाली तरी कशासाठी? याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. पिच मोठे म्हणजे दात मोठा आणि त्याचा घासही मोठा. मोठा घास तोडण्यास शक्तीही मोठी लागते. उलट पिच लहान असले की तेवढ्याच लांबीत दात अधिक येतात, प्रत्येकाचा घास लहान असतो, यंत्र कमी हादरते आणि काप गुळगुळीत येतो.

सर्वांत लहान प्रचलित माप १/४ इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. काजू-आंब्याच्या बारीक फांद्यांची छाटणी अथवा लाकडावरील कोरीव काम यांसाठी ते सोयीचे पडते. त्यानंतर ३/८ इंचाचीच, परंतु बुटक्या दातांची साखळी येते. घरगुती, विजेवर वा बॅटरीवर चालणाऱ्या लहान करवतींना बहुधा हीच असते. ०.३२५ इंचाची साखळी मध्यम यंत्रांची. सुमारे ४० ते ५५ सीसी क्षमतेच्या यंत्रांवर ती चांगली चालते. जळाऊ लाकडाचे तुकडे करणे, मध्यम जाडीची झाडे कापणे ही तिची कामे. पूर्ण उंचीच्या दातांची ३/८ इंचाची साखळी त्याहून बलवान यंत्रांसाठी व जाड खोडांसाठी असते. आणि ०.४०४ इंचाची, म्हणजे सुमारे १०.२६ मिलिमीटरची साखळी फार मोठ्या करवतींवर आणि जंगलात झाडे तोडणाऱ्या अवजड यंत्रांवर वापरतात.

येथे एक गणित करून पाहावे. चक्राचा एक दात एक चालक कडी पुढे ढकलतो, म्हणजे पिचच्या दुप्पट अंतर साखळी सरकते. चक्राला ७ दात असतील, तर एका फेऱ्यात ०.३२५ इंचाची साखळी ७ × २ × ८.२५ = ११५.५ मिलिमीटर पुढे जाईल. तेवढ्याच दातांच्या, पण ३/८ इंचाच्या चक्रावर ती १३०.२ मिलिमीटर जाईल. चक्र मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर पहिल्या साखळीचा वेग सेकंदाला १९.२५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६९ किलोमीटर होतो. दुसरीचा सेकंदाला २१.७ मीटर. मोठा घास आणि त्यात अधिक वेग! दुर्बळ यंत्राला हा भार कसा पेलवणार? ते लाकडात अडकून घुसमटते. यावरून ध्यानात येईल की मोठ्या दातांची साखळी लावल्याने लहान यंत्र मोठे होत नाही.

पिच जुळले म्हणजे सर्व जुळले, असेही समजू नये. चालक कडीची जाडी पट्टीच्या खाचेशी जुळावी लागते. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. चालक कड्यांची एकूण संख्याही मोजून घ्यावी लागते. शिवाय लाकूड कोणत्या दिशेने कापावयाचे, हेही पाहावे. खोड आडवे कापणाऱ्या साखळीच्या दाताची धार साधारणतः ३० अंशांच्या कोनात घासतात. उभ्या फळ्या काढावयाच्या असतील तर तो कोन सुमारे १० अंशांवर आणतात. माडाची गोष्ट तर आणखी निराळी. त्याच्या खोडाचा बाहेरचा भाग टणक आणि गाभा मऊ असतो. तेव्हा बाहेरील कवचात शिरताना धार उत्तम हवी.

आणि धार हाच मेस्तकाकांचा त्या रात्रीचा उपाय ठरला. त्यांनी कोरी साखळी बाजूला ठेवली, पिशवीतून एक गोल कानस काढली आणि बोथट झालेल्या साखळीचा एकेक दात घासण्यास बसले. ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिलिमीटर व्यासाची कानस लागते, हेही मला तेव्हाच कळले. प्रत्येक दातावर तेवढेच घाव, तोच कोन. एका बाजूचे सर्व दात झाले की मग दुसरी बाजू. मी कंदील धरून उभा होतो. “धार लागली हे कसे ओळखायचे?” असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. पहाटे करवत सुरू झाली, तेव्हा खोडातून जाड, मोकळ्या चिपा उडू लागल्या. “आदल्या संध्याकाळी नुसता भुगा पडत होता, मास्तर,” ते म्हणाले. “भुगा पडला की दात झिजला, चिपा पडल्या की दात जागा आहे.”

काम करताना ते पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देत नव्हते. तो भाग एखाद्या फांदीला लागला तर करवत एका क्षणात उसळून माणसाच्या अंगावर येते. विद्यार्थ्यांनी या यंत्राला हात लावू नये, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. जाणत्यांनीही डोक्यास, डोळ्यांस व पायांस संरक्षण घेतल्यावाचून ते चालवू नये.

सकाळी आठच्या सुमारास वाट मोकळी झाली आणि शेजारच्या आजींना घेऊन गाडी दवाखान्याकडे गेली. मागून आणलेली साखळी मी तशीच कोरी परत केली. चुकीच्या मापाची साखळी कितीही नवी व धारदार असली तरी ती उपयोगाची नव्हती. योग्य मापाची साखळी बोथट होती, पण तिला धार लावता आली. विद्यार्थिमित्रांनो, एखादे हत्यार निवडताना त्याचे दात किती मोठे आहेत हे पाहण्यापूर्वी ते आपल्या कामाशी व आपल्या यंत्राशी जुळते की नाही, हे आधी मोजून पाहावे. त्यासाठी कंपासपेटीतील एक पट्टी पुरेशी होते.