समुद्रापारचे सख्खे शेजारी

मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी पहिल्या चेंडूपासून बघायची, तर आपल्याकडे पहाटे पाचला उठावं लागतं. कसोटी वेलिंग्टनला असेल, तर गजर साडेतीनचा. झोपेत हा फरक कळतो, पण मनात मात्र आपण दोन्ही देश एकाच खणात ठेवलेले असतात: निळ्या झेंड्यावर कोपऱ्यात ब्रिटनचं चिन्ह, बाजूला तारे, इंग्रजी बोलणारे गोरे, मेंढ्या आणि क्रिकेट. झेंड्यावरचे तारे मोजायला गेलं तरी फरक दिसतो. ऑस्ट्रेलियाचे सहा आणि पांढरे, न्यूझीलंडचे चार आणि लाल. इतिहास मोजायला गेलं, तर आणखी बरंच काही दिसतं.

गैरसमज १: न्यूझीलंड म्हणजे ऑस्ट्रेलियाचाच एक तुकडा.

सिडनी ते ऑकलंड हे अंतर सुमारे २,१५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या हवाई अंतराच्या जवळजवळ दुप्पट. मध्ये तास्मान समुद्र. न्यूझीलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी. ऑस्ट्रेलियात मात्र पंचवीस महाराष्ट्र मावतील.

तरी हा गैरसमज अगदीच हवेतला नाही. १८४० मध्ये न्यूझीलंड काही महिने न्यू साउथ वेल्स वसाहतीला जोडलेलं होतं. १८४१ मध्ये ते वेगळं झालं. १९०१ मध्ये सहा वसाहतींचं मिळून ऑस्ट्रेलिया हे संघराज्य झालं, तेव्हा सातव्या भावासाठीही पाट मांडलेला होता. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत 'राज्ये' या शब्दाची व्याख्या करताना न्यूझीलंडचं नाव घेतलेलं आहे, आणि ते अजून तिथेच आहे. न्यूझीलंड त्या पाटावर बसलं नाही, इतकंच.

गैरसमज २: दोन्हीकडचे गोरे कैद्यांचे वंशज.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हे अर्धसत्य आहे. २६ जानेवारी १७८८ रोजी अकरा जहाजांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत स्थिरावला. तेव्हापासून १८६८ पर्यंत ब्रिटनने एक लाख साठ हजारांहून अधिक कैदी तिकडे धाडले. पण साउथ ऑस्ट्रेलिया ही वसाहत १८३६ मध्ये कैद्यांशिवायच वसवली गेली, आणि १८५१ नंतर सोन्याच्या ओढीने आलेल्या लोंढ्यात कैद्यांची संख्या बुडून गेली. २०२१ च्या जनगणनेत तर निम्म्याहून किंचित अधिक लोक असे निघाले, की ते स्वतः तरी परदेशात जन्मले होते किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी एक तरी.

न्यूझीलंड कैद्यांची वसाहत कधीच नव्हतं, आणि तिथल्या लोकांना याचा सूक्ष्म अभिमानही असतो. पण गंमत अशी, की निवडक, सभ्य कुटुंबं नेऊन वसाहत कशी वसवावी याचा सिद्धान्त ज्याने मांडला, तो एडवर्ड गिबन वेकफिल्ड तेव्हा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात होता. गुन्हा होता एका श्रीमंत घरच्या शाळकरी मुलीला फसवून पळवून नेल्याचा. पुढे त्याच्याच कंपनीने १८४० मध्ये वेलिंग्टनला वसाहतकरी उतरवले.

गैरसमज ३: तिथले मूळ रहिवासी एकाच वंशाचे.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा तिथला वावर किमान पन्नास हजार वर्षांचा आहे. गोरे आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. माओरी मात्र पॉलिनेशियातून होड्यांतून साधारण तेराव्या शतकात न्यूझीलंडला पोचले. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा. त्यांची भाषा एकच, बोली निरनिराळ्या.

दोन्ही देशांची वाट वेगळी झाली ती इथे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वायटांगी इथे ब्रिटिश राजसत्तेने माओरी सरदारांशी करार केला. पुढच्या काही महिन्यांत पाचशेहून अधिक सरदारांनी त्यावर सह्या किंवा खुणा केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी मसुद्यावर. घोळ झाला तो भाषांतरात. इंग्रजी मसुदा म्हणतो, सरदारांनी सार्वभौमत्व दिलं. माओरी मसुदा म्हणतो, कारभार दिला; सरदारकी त्यांच्याकडेच राहील. या एका शब्दावरून न्यूझीलंडचं राजकारण आजही तापतं.

ऑस्ट्रेलियात ब्रिटिश सत्तेने असा करारच केला नाही. जमीन कोणाचीच नाही असं धरून चालायचं, हा तिथला कायदा. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा एडी माबो टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करत होता. आपल्या वाडवडिलांची जमीन कायद्याने सरकारची आहे, हे त्याला तिथल्या दोन इतिहासकारांशी बोलताना कळलं. तो आणि त्याचे सहकारी कोर्टात गेले. दहा वर्षांनी, ३ जून १९९२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने 'कोणाचीच नसलेली जमीन' ही कल्पना मोडीत काढली. निकाल ऐकायला माबो नव्हता. चार महिन्यांपूर्वीच तो वारला होता.

गैरसमज ४: न्यूझीलंडमध्ये सगळं गोडीगुलाबीनं झालं.

करार झाला म्हणून रक्त सांडलं नाही, असं नाही. १८४५ ते १८७२ या काळात तिथे लढाया झाल्या आणि एकट्या वायकाटो भागात सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली.

तारानाकी प्रांतातल्या पारिहाका गावाची हकिकत तर आपण मुद्दाम वाचावी अशी आहे. गावाचे पुढारी ते विटी आणि तोहू यांनी शस्त्र उचलायचं नाही असं ठरवलं. १८७९ मध्ये गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनीत माणसं नांगर घेऊन शिरली. एकांना पकडलं, की दुसरे नांगराला उभे. शेकडो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सरकारची सुमारे सोळाशे सशस्त्र माणसं गावावर चालून आली. वेशीपाशी त्यांच्या वाटेत मुलं बसली होती, गाणी म्हणत, दोरीवरच्या उड्या मारत. बायकांनी पाहुण्यांसाठी पाव भाजून ठेवले होते. दोन्ही पुढाऱ्यांना धरून नेलं, घरं पाडली. दांडीयात्रा अजून ४८ वर्षं लांब होती. सरकारने पारिहाकात जाऊन माफी मागितली ती २०१७ मध्ये.

गैरसमज ५: रंगभेद ऑस्ट्रेलियाचा, उदारपणा न्यूझीलंडचा.

१८९३ मध्ये राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताचा हक्क देणारा न्यूझीलंड हा पहिला स्वशासित देश, आणि त्यात माओरी स्त्रियाही होत्या. ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये तो दिला, पण त्याच कायद्यात आशिया, आफ्रिका, पॅसिफिक बेटं आणि खुद्द ऑस्ट्रेलिया इथल्या मूळ लोकांना, थोडे अपवाद सोडता, वगळलं. 'पॅसिफिक बेटं' या शब्दांपुढे एक पुस्ती होती: न्यूझीलंड सोडून. म्हणजे सिडनीत राहणारा माओरी मत देऊ शकत होता. ज्याच्या पूर्वजांची ती भूमी, तो बहुधा नाही. त्याला देशाच्या निवडणुकीत हक्क मिळाला १९६२ मध्ये.

या यादीत आपणही होतो. १९२२ मध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाचं अध्यक्षपद सांभाळणारे ते हेच. तिथल्या भारतीयांच्या मताधिकाराचा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा बदलला.

पण म्हणून न्यूझीलंडला शाबासकी द्यायची घाई नको. चिनी माणसावर डोईपट्टी बसवणारा कायदा तिथेही होता: १८८१ मध्ये दहा पौंड, १८९६ मध्ये शंभर. १९२० च्या कायद्याने भारतीयांनाही दारातच अडवलं. डोईपट्टीची माफी २००२ मध्ये मागितली गेली.

गैरसमज ६: हाका म्हणजे युद्धनृत्य.

मांड्या थोपटत, जिभा काढत रग्बीच्या मैदानावर माओरींचा जो हाका होतो, तो बघून असं वाटणं साहजिक आहे. पण हाका लग्नात होतो, मयताला होतो, पाहुण्याच्या स्वागतालाही होतो. रग्बीतला सगळ्यांत प्रसिद्ध हाका ते रौपराहा या सरदाराने १८२० च्या सुमारास रचला, असं मानतात. शत्रू मागावर असताना रताळी साठवायच्या पेवात लपून तो वाचला, आणि वर येऊन पुन्हा ऊन बघितल्याचा आनंद त्याने त्यात ओतला. विषय लढाईचा नाही, जीव वाचल्याचा आहे.

गैरसमज ७: दोघांचं आपसात जमत नाही.

१ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नच्या एकदिवसीय सामन्यात शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपल याने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितला. ती सल न्यूझीलंडमध्ये अजून आहे. पण १९७३ पासून दोन्हीकडचे नागरिक परस्परांच्या देशात राहू-कमवू शकतात, आणि २५ एप्रिलला पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या मृतांसाठी दोन्ही देश पहाटेच्या अंधारात उभे राहतात. तिथे लढलेल्या दोघांच्या फौजेच्या अँझॅक या नावातली दोन अक्षरं न्यूझीलंडची आहेत, याची मात्र ऑस्ट्रेलियन माणसाला आठवण करून द्यावी लागते.

हे नातं नेमकं कळतं ते फार लॅप नावाच्या घोड्यावरून. जन्म न्यूझीलंडच्या टिमारू गावाजवळ, १९२६ चा. १९३० मध्ये मेलबर्न कप जिंकून तो ऑस्ट्रेलियाच्या गळ्यातला ताईत झाला. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात अचानक मेला, आणि मग भावकीत जमिनीची व्हावी तशी त्याची वाटणी झाली. पेंढा भरलेलं कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात, हृदय कॅनबेराला, सांगाडा वेलिंग्टनला. पुरता फार लॅप बघायचा, तर तास्मान समुद्र ओलांडावाच लागतो.