क्लिकच्या आधीचे आकडे

संकेतस्थळाच्या स्वयंचलित चाचणीचा मूळ प्रश्न होय-नाही स्वरूपाचा असतो: बटण दाबल्यावर पुढचे पान उघडले की नाही, बेरीज बरोबर दिसली की नाही. जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स या कंपनीत घडवलेले सेलेनियम हे साधन याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी होते, आणि त्यात पुढे सामावलेल्या वेबड्रायव्हरचा, म्हणजे ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याच्या पद्धतीचा, आराखडा २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेची अधिकृत शिफारस झाला. पान किती वेगाने उघडले हा प्रश्न या चौकटीत नंतर शिरला. बहुतेक चमू तो जुन्याच स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवून विचारतात, आणि त्यामुळे चाचणी करणारा व मोजणारा हे दोघे एकाच पानावर एकमेकांच्या पायात येतात.

सर्वांत सोपी वाटणारी रीत म्हणजे पान उघडण्याच्या आज्ञेआधी आणि नंतर स्क्रिप्टमध्येच वेळ टिपून वजाबाकी करणे. परंतु त्या फरकात स्क्रिप्ट, ड्रायव्हर आणि ब्राउझर यांच्यातील निरोपांची ये-जाही मिसळलेली असते, शिवाय आज्ञा केव्हा परत येईल हे निवडलेल्या प्रतीक्षाधोरणावर ठरते. ‘नॉर्मल’ धोरणात पानातील चित्रांसह सर्व घटक येईपर्यंत ड्रायव्हर थांबतो, ‘ईगर’मध्ये एचटीएमएलची रचना वाचून होताच परततो, तर ‘नन’मध्ये पानासाठी थांबतच नाही. म्हणून वेळ ब्राउझरलाच विचारणे श्रेयस्कर ठरते. २०१२ मध्ये शिफारस झालेल्या नेव्हिगेशन टायमिंग या मानकानुसार ब्राउझर पानाच्या प्रवासातील टप्पे स्वतः नोंदवतो: डोमेनचे नाव शोधणे, सर्व्हरशी जोडणी, उत्तराचा पहिला बाइट, रचना पूर्ण होणे आणि शेवटी लोड इव्हेंट, म्हणजे सर्व घटक हाती आल्याची ब्राउझरची सूचना. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हे टप्पे घड्याळातील तारीख-वेळेने न मोजता पानाच्या प्रारंभबिंदूपासून, कधीही मागे न सरकणाऱ्या कालमापकाने मोजले जातात, त्यामुळे यंत्राचे घड्याळ मध्येच दुरुस्त झाले तरी आकडे बिघडत नाहीत.

तरीही इथे एक बारीक खाच आहे. पान ‘पूर्ण’ झाल्याची खूण लोड इव्हेंट संपण्याच्या किंचित आधी उमटते, आणि ड्रायव्हर त्याच खुणेवर परततो. त्या क्षणी लोड इव्हेंटच्या समाप्तीची वेळ विचारली तर उत्तर ० मिळू शकते. असे शून्य तक्रार न करता सरासरीत मिसळते आणि पान प्रत्यक्षाहून वेगवान भासू लागते. दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या फायलींच्या तपशीलवार वेळाही शून्यच दिसतात. त्या फायली देणाऱ्या सर्व्हरने ‘टायमिंग-अलाउ-ओरिजिन’ या शीर्षओळीने परवानगी दिलेली नसेल, तर ब्राउझर गोपनीयतेसाठी त्या झाकून ठेवतो.

खरा पेच नव्या मापकांचा आहे. गूगलने २०२० मध्ये मांडलेल्या ‘वेब व्हायटल्स’पैकी एलसीपी हे मापक पडद्यावर दिसलेला सर्वांत मोठा मजकूर वा चित्र केव्हा रंगले ते सांगते, आणि २.५ सेकंदांच्या आतला आकडा चांगला मानला जातो. पान भरत असताना ब्राउझर एकामागून एक उमेदवार नोंदवत जातो. वापरकर्त्याने पानाला हात लावताच मात्र ही नोंद थांबते. वेबड्रायव्हरचा क्लिक ब्राउझरला माणसाच्या क्लिकइतकाच अस्सल वाटतो, त्यामुळे कुकीच्या परवानगीची पट्टी दिसताक्षणी बंद करणारी स्क्रिप्ट मुख्य चित्र यायच्या आतच मोजणी संपवते आणि एलसीपी म्हणून एखादा किरकोळ परिच्छेद हाती येतो. जावास्क्रिप्टमधून कृत्रिमपणे घडवलेल्या क्लिकला हा मान नसतो, तो नोंद थांबवत नाही. सीएलएसची, म्हणजे घटक अकस्मात सरकण्याच्या मापनाची, गोष्ट याहून फसवी आहे. वापरकर्त्याच्या कृतीनंतर ५०० मिलिसेकंदांत झालेली हालचाल अपेक्षित समजून हिशेबात धरली जात नाही, आणि भराभर क्लिक करत जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पानाची बरीचशी आदळआपट या सवलतीच्या काळातच पडते. मराठी संकेतस्थळांसाठी हे दुर्लक्षिण्याजोगे नाही: वेबफॉन्ट येईपर्यंत यंत्रावरील देवनागरी फॉन्ट दाखवून मग तो बदलला, की अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलून खालचा सारा मजकूर सरकू शकतो, आणि नेमका तेवढाच धक्का अहवालातून गळून जाऊ शकतो.

यावर जाणकार करतात तो उपाय साधा आहे: पान उघडल्यावर ‘परफॉर्मन्स ऑब्झर्व्हर’ हा निरीक्षक, आधीच्या साठवलेल्या नोंदीही मागवण्याच्या पर्यायासह, लावायचा, पान स्थिरावू द्यायचे, आकडे उचलायचे आणि मगच पहिला क्लिक करायचा. कामाची चाचणी आणि वेगाची चाचणी अशा दोन स्वतंत्र स्क्रिप्ट ठेवणे त्याहून चांगले, कारण पहिलीला घाई हवी असते आणि दुसरीला सवड.

वेबड्रायव्हर सहसा प्रत्येक सत्रासाठी ब्राउझरचे कोरे प्रोफाइल उघडतो, म्हणजे कॅश रिकामी असते आणि प्रत्येक भेट पहिलीच ठरते. ज्या संकेतस्थळाचे वाचक रोज परततात त्याचे असे चित्र एकांगीच राहणार. शिवाय ज्या सामायिक सर्व्हरवर या चाचण्या चालतात तिथे शेजारचे काम वाढले की आकडा वाढतो. लाइटहाउस या साधनाच्या कागदपत्रांत पाच धावांचा मध्यक एका धावेच्या दुप्पट स्थिर असल्याचे नोंदवले आहे. पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या फरकावरून बिल्ड अडवणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे.

मार्च २०२४ मध्ये वेब व्हायटल्समध्ये आलेले आयएनपी हे मापक वापरकर्त्याच्या कृतीला पानाने किती उशिरा दृश्य प्रतिसाद दिला ते पाहते. स्क्रिप्टचे क्लिक त्यातही मोजले जातात, पण माणूस कुठे, किती अधीरपणे आणि पान अर्धवट असतानाच बोट लावेल हे स्क्रिप्टला ठाऊक नसते. म्हणून प्रयोगशाळेत त्याऐवजी टीबीटी वापरतात: पान प्रथम रंगू लागल्यापासून ते वापरायोग्य होईपर्यंत मुख्य धाग्यावर ५० मिलिसेकंदांहून लांबलेल्या प्रत्येक कामाचा त्यापुढील भाग तेवढा जमेस धरायचा, म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या कामाचे ७०. या हिशेबाला क्लिकची गरजच पडत नाही.