48 व्होल्ट, 9,600 अँपिअर

मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी कॅबिनेटमध्ये 2 व्होल्टचे 24 सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात. बेरीज 48 व्होल्ट. कोरड्या हाताला त्याचा झटका फारसा जाणवत नाही, त्यामुळे घरच्या 230 ला बिचकणारा नवखा माणूस याच्याशी बिनधास्त वागतो.

4,800 वॉटच्या यंत्राला 230 व्होल्टवर जेमतेम 21 अँपिअर लागतात, 48 वर थेट 100. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून तेवढ्याच टक्के घटीसाठी इथे जवळजवळ 23 पट तांबं घालावं लागतं! यंत्र बॅटरीपासून 20 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार 40 मीटर. 25 स्क्वेअर एमएमची केबल टाकली की वाटेतच पावणेतीन व्होल्ट जातात, आणि 275 वॉट नुसते तार तापवण्यात. 70 ची टाकली तर ड्रॉप एका व्होल्टच्या आत येतो, पण तांबंच 25 किलो भरतं.

त्यात यंत्राला हवे असतात वॉट. चार्जरवर 54 व्होल्ट मिळताना ते 89 अँपिअर घेतं. वीज गेली आणि बॅटरी उतरत 43.2 वर आली की तेच यंत्र 111 मागतं. बॅटरीचा जीव जाऊ लागतो तेव्हाच तारेवर ताण सर्वांत जास्त. 48 ने भागून मोकळे होणारे इथे फसतात.

देशात 8 लाखांहून जास्त टॉवर आहेत. प्रत्येकी 2 किलोवॉट भार आणि तारांत 2 टक्के घट नुसती धरून पाहिली, तरी वर्षाला 28 कोटी युनिट होतात.

मला मात्र लांब तारेपेक्षा तिच्या टोकाच्या लगची, म्हणजे बोल्टाने आवळायच्या जोडाची, धास्ती जास्त. बोल्ट किंचित ढिला राहिला आणि तिथे अडीच मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा चारशेवा भाग, रोध आला. 100 अँपिअरवर ड्रॉप फक्त पाव व्होल्ट. मीटरवर कोण बघतो? पण त्या बोल्टावर 25 वॉट उष्णता साचते, रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी, दिवसरात्र. फ्यूजला याचा पत्ताच नाही; त्याच्या लेखी करंट अजून 100 च आहे.

उलट बसबारवर, म्हणजे जोडणीच्या उघड्या धातूच्या पट्ट्यांवर, पाना आडवा पडला तर? मोठ्या बॅटरी बँकेचा आतला रोध 5 मिलिओहम धरला, तर 48 भागिले 0.005, म्हणजे 9,600 अँपिअर. जाणते लोक पान्याला टेप गुंडाळतात आणि अंगठी खिशात ठेवतात ते यासाठी. बॅटरी आणि पहिला फ्यूज यांमधल्या तारेला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून ती वीतभरच ठेवायची. फ्यूजही डीसीचाच हवा: एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी जळतच राहते.

8 मे 1988, अमेरिकेतला मदर्स डे, फोनच्या गर्दीचा रविवार. शिकागोजवळच्या हिन्सडेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, आधीच खरचटलेली डीसी केबल दुसऱ्या केबलच्या धातूच्या कवचाला टेकली आणि आग लागली. सुमारे 35 हजार स्थानिक लाइन मुक्या झाल्या, विमानतळांच्या कामाचा खोळंबा झाला, सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. आणि आगीची वर्दी द्यायला अग्निशमन दलाला फोन लावावा, तर फोनच बंद.