नको असलेला फोन आणि अमेरिकेतला सामूहिक दावा



आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत नोकरीला आहेत. गेल्या हंगामात उसाच्या बिलाची चौकशी करायला आलेल्या एका सभासदांनी मोबाइल पुढे करून आम्हांला एक इंग्रजी पत्र दाखवले. मुलाने तिकडून पाठवलेले. एका विमा कंपनीविरुद्धच्या दाव्यात तडजोड झाली आहे, तुमचा फोन नंबर यादीत आहे, अमुक तारखेच्या आत फॉर्म भरल्यास पैसे मिळतील, असा मजकूर होता. सभासद काळजीत. "पोरानं कुणावर केस केली, अन् आम्हांला पत्ता नाही!"

पोराने केस केलेलीच नव्हती. केस दुसऱ्याच कुणीतरी केली होती, पण ती सर्वांच्या वतीने. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत 1991 साली टेलिफोन ग्राहक संरक्षण कायदा झाला. संमतीवाचून रेकॉर्ड केलेल्या आवाजात जाहिरातीचा फोन केला, तर ज्याचा फोन वाजला त्याला प्रत्येक फोनमागे 500 डॉलर मागता येतात. कंपनीने जाणूनबुजून केले असेल तर कोर्ट ही रक्कम 1500 पर्यंत नेऊ शकते. 2003 साली 'फोन करू नका' अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तीत नंबर असूनही एकाच कंपनीचे वर्षभरात एकाहून अधिक विक्रीचे फोन आले, तरी 500 पर्यंत मागता येतात. तुमचे नुकसान किती झाले, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. ही फार मोठी सोय आहे.

पण 500 डॉलरसाठी वकील कोण लावणार? कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? म्हणून एक-दोन माणसे पुढे होऊन, तसाच फोन आलेल्या सर्वांच्या वतीने दावा लावतात. कोर्टाने मान्यता दिली की तो सामूहिक दावा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'क्लास अ‍ॅक्शन' होतो. एकट्याच्या दोन एकर उसासाठी कुणी कारखाना काढत नाही, पण हजारो सभासदांचे शेअर एकत्र आले की चिमणी उभी राहते. तसेच हे. पाच लाख लोकांना एकेक फोन गेला असेल, तर 500 च्या हिशोबाने 25 कोटी डॉलर होतात. हा आकडा समोर दिसला की कंपनी तडजोडीला बसते.

विमा कंपन्या यात वारंवार का सापडतात? पुष्कळदा फोन कंपनी स्वतः करत नाही. एजंट करतो, किंवा गिऱ्हाइकांचे नंबर गोळा करून विकणारा तिसराच कुणी करतो. मग कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही. आपल्याकडे तोडणी मुकादमाने दुसऱ्याच्या पिकातून ट्रॅक्टर घातला तर शेतकरी जाब कारखान्यालाच विचारतो ना? तिकडेही माल ज्याचा, त्याला काही अटींवर जबाबदार धरता येते. मेटलाइफ या मोठ्या विमा कंपनीने 2014 साली 2 कोटी 30 लाख डॉलर देण्याची तडजोड केली. ते प्रकरण एका एजंटाच्या धंद्यासाठी पाठवलेल्या जाहिरातींच्या फॅक्सचे होते. फॅक्सलाही हाच कायदा लागू आहे. डिश नेटवर्क ही टीव्हीवाली कंपनी मात्र अखेरपर्यंत लढली. फोन तिच्या विक्रेत्याने केले होते. 2017 साली ज्युरीने 51 हजारांवर फोनांना प्रत्येकी 400 डॉलर ठरवले आणि न्यायाधीशांनी ते तिप्पट केले.

आता पैशाचे. जाहीर रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक उसाच्या बिलातील कपाती पाहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. समजा, तडजोड 90 लाख डॉलरची झाली (आकडे आमचे, केवळ उदाहरणाचे). त्यातून 30 लाख वकिलांची फी. पत्रे पाठवणे, यादी तपासणे आणि दावा लावणाऱ्याचे मानधन मिळून 10 लाख. उरले 50 लाख. पाच लाख लोकांनी मागणी केली तर वाट्याला 10 डॉलर. पण बहुतेक लोक असली पत्रे टोपलीत टाकतात. पन्नास हजारांनीच फॉर्म भरला तर 100 डॉलर. वकिलाला लाखो आणि ज्याच्या डोक्याला ताप झाला त्याला एका जेवणाचे पैसे, अशी टीका तिकडेही होते आणि ती खोटी नाही. तरीपण कंपनीच्या खिशातून मोठी रक्कम जाते, हेही खरेच. पैसे देताना कंपनी बहुधा चूक मात्र कबूल करत नाही!

मुख्य गोष्ट पुढेच आहे. पत्र आलेल्याने फॉर्म भरला तर वाटा मिळतो. 'मला यातून वगळा' असे मुदतीत कळवले तर स्वतंत्र दावा करण्याचा हक्क राहतो. तडजोड पटली नाही तर कोर्टापुढे हरकत घेता येते. आणि काहीच केले नाही तर? पैसे मिळत नाहीत, आणि त्या फोनांबद्दल पुढे दावा करण्याचा हक्कही सहसा जातो. गप्प बसणे ही तिथे संमती धरली जाते. आपल्या सभेत हात वर न करणाऱ्याचे होते, त्यातलाच प्रकार.

एक सावधगिरी. अशी खोटी पत्रेही फिरतात. खऱ्या पत्रात कोर्टाचे नाव व दाव्याचा क्रमांक असतो आणि फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत. कुणी फी मागितली की समजावे, हा दुसराच धंदा.

आपल्याकडे काय? 1909 वर फोन वा संदेश करून नको असलेले जाहिरातीचे फोन बंद करण्याची नोंद होते, तक्रारही होते. मात्र त्यातला दंड फोन आलेल्या माणसाच्या हाती येत नाही. एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांसाठी एकाने दाद मागण्याची सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे. त्यासाठी जिल्हा आयोगाची परवानगी लागते.

त्या सभासदांच्या मुलाने फॉर्म भरला. कोर्टाची अंतिम मंजुरी व्हायची असल्याने रक्कम अजून आलेली नाही. कुणाच्या मुलाकडून असे पत्र आले असल्यास मुदतीची तारीख पाहून ते कार्यालयात आणावे, आम्ही मराठीत वाचून दाखवू.